'विथ' या शब्दापुढील क्रियापदरहित उपवाक्य

इंग्रजीत 'विथ द डोअर ओपन' यांसारखी रचना नित्य आढळते. परंपरागत नियमानुसार येथे 'विथ' हे अव्यय 'डोअर' या नामास जोडलेले असून 'ओपन' हे त्या नामाचे विशेषण ठरते. परंतु 'ही स्लेप्ट विथ द डोअर ओपन' या वाक्यातून 'ओपन' वगळले, तर तो मनुष्य दारासह झोपला, असा हास्यास्पद अर्थ उरतो. ज्यास विशेषण म्हणून दुय्यम स्थान द्यावयाचे, त्याच्यावरच अर्थाचा सर्व भार आहे. 'विथ'चा संबंध दाराशी नसून दाराच्या उघडे असण्याशी आहे. (मराठीत 'दार उघडे ठेवून' किंवा 'दार उघडे असताना' यांपैकी एकाची निवड करावीच लागते, इंग्रजी त्याबाबत मौन पाळते.)

लिंडली मरे यांच्या 1795 च्या व्याकरणासारखे जुने ग्रंथ लॅटिनच्या साच्यात घडलेले होते. क्रियापदाविना वाक्य संभवत नाही, या धारणेमुळे जेथे क्रियापद दिसत नाही तेथे ते अध्याहृत मानण्याची वहिवाट पडली. 'व्हाइल यंग' या रचनेत 'ही वॉज' हे शब्द घालून हा उपाय साधतो. 'विथ'पुढे मात्र तो साधत नाही, कारण 'विथ द डोअर वॉज ओपन' असे कोणी म्हणत नाही. गमतीची गोष्ट अशी की, खुद्द लॅटिनमध्ये 'किकेरोने कोन्सुले', म्हणजे किकेरो कॉन्सल असताना (इ. स. पूर्व 63), अशी क्रियापदरहित रचना रूढ होती. संस्कृतातील सति सप्तमीत 'सति' हे रूप उच्चारता येते. लॅटिनमध्ये 'असणे' या धातूचे तसे वर्तमानकालवाचक धातुसाधित प्रचारातच नव्हते.

या प्रश्नास खरी दिशा दिली ती ओटो येस्पर्सन (1860–1943) या डॅनिश पंडिताने. 'द फिलॉसफी ऑफ ग्रामर' (1924) या ग्रंथात त्याने 'जंक्शन' आणि 'नेक्सस' असा भेद केला. 'भुंकणारा कुत्रा' हे जंक्शन, 'कुत्रा भुंकतो' हा नेक्सस. उद्देश्य-विधेयाचा संबंध क्रियापदावाचूनही जुळू शकतो, हे मान्य होताच 'द डोअर ओपन' हा नेक्सस ठरतो आणि संपूर्ण नेक्ससच 'विथ'च्या अधीन येतो. 'क्रियापदरहित उपवाक्य' हा वर्ग क्वर्क, ग्रीनबॉम, लीच व स्वार्ट्विक यांच्या 1972 च्या व्याकरणाने रूढ केला. रचनांतरणवादी परंपरेत 'लघु उपवाक्य' ही संज्ञा एडविन विल्यम्स यांनी 1975 मध्ये योजिली. पुढे 1983 मध्ये त्यांनीच त्या कल्पनेविरुद्ध लिहिले, तर टिम स्टोवेल यांनी 1981 च्या प्रबंधात तिचा विस्तार केला होता.

मतभेद उरला तो 'विथ'च्या जातीविषयी. क्वर्कप्रभृतींच्या 1985 च्या बृहद्‌व्याकरणात अशा स्थळी ते गौणत्वदर्शक अव्यय मानले आहे. हडलस्टन व पुलम यांनी 2002 मध्ये त्यास प्रिपॉझिशनच मानले. सर्वनामाचे रूप दुसऱ्या पक्षास अनुकूल दिसते. 'विथ हिम इल' असेच म्हणतात, 'विथ ही इल' असे नव्हे. तथापि हा पुरावा निर्णायक नव्हे. 'फॉर हिम टू गो' येथेही 'हिम'च येते, आणि तेथील 'फॉर' हे गौणत्वदर्शक आहे, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे.