गामारा, कार्लोस

गामारा, कार्लोस आल्बेर्तो : (१७ फेब्रुवारी १९७१ – ). पॅराग्वेचा निवृत्त फुटबॉलपटू. मध्य बचावपटू व पुढे राष्ट्रीय संघाचा कर्णधार. जन्म इपाकाराई येथे. १९९८ च्या विश्वचषक स्पर्धेत एकही फाउल न करता खेळलेला बचावपटू म्हणून ख्यातनाम.

असुन्सिओनच्या सेर्रो पोर्तेन्यो संघातून त्याने कारकीर्द सुरू केली. १९९५ मध्ये तो ब्राझीलच्या इंतरनॅसिओनाल संघात गेला. त्यानंतर बेनफिका, कोरिंथियन्स (१९९८ चे ब्राझील राष्ट्रीय अजिंक्यपद), ॲटलेटिको माद्रिद, फ्लामेंगो, एईके अथेन्स, इंटर मिलान (२००२–०५), पाल्मेइरास आणि शेवटी ऑलिंपिया असे त्याचे क्लब होत.

१९८६ नंतर प्रथमच विश्वचषकास पात्र ठरलेल्या पॅराग्वेचा १९९८ चा संघ ब्राझीलचे पाउलो सेझार कार्पेजियानी यांनी घडवला होता. गोलरक्षक चिलाव्हर्टभोवती बरेच लेखन झाले. पण त्या संघाचा खरा कणा गामारा आणि सेल्सो आयाला ही जोडी होती. बल्गेरिया व स्पेनशी गोलशून्य बरोबरी आणि नायजेरियावर ३–१ असा विजय मिळवून संघाने बाद फेरी गाठली. २८ जून रोजी लाँस येथे यजमान फ्रान्सला त्याने नव्वद मिनिटे गोल करू दिला नाही. खांदा दुखावलेला असूनही गामारा मैदानावर राहिला. ११३ व्या मिनिटाला लोराँ ब्लाँने विश्वचषकाच्या इतिहासातील पहिला गोल्डन गोल केला आणि पॅराग्वेचे आव्हान संपले. चार सामन्यांत संघावर दोनच गोल झाले. स्पर्धेच्या सर्वोत्तम संघात गामाराची निवड झाली.

फाउलविना खेळणे म्हणजे मवाळ खेळणे नव्हे. गामारा सहसा जमिनीवर घसरून चेंडूवर झेप घेत नसे. आघाडीपटूसमोर उभा राहून तो त्याला गोलपासून दूर, बाजूच्या रेषेकडे वळवी आणि चेंडू पायापासून क्षणभर सुटला की काढून घेई. त्यामुळे पेनल्टी क्षेत्राजवळ प्रतिस्पर्ध्याला फ्री किक मिळत नसे, आणि चेंडू जिंकल्यावर तो उभाच असल्याने पुढचा पास लगेच देता येई. कार्डांची नोंद पाहून बचावपटूची धमक ठरवणाऱ्यांनी हे कौशल्य पुरेसे तपासलेले नाही. गोलची मोजदाद होते, न घडलेल्या फाउलची क्वचितच.

२००२ च्या विश्वचषकातही तो खेळला. पॅराग्वे जर्मनीकडून ०–१ ने हरला.

२००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये वयोमर्यादेपलीकडील खेळाडू म्हणून त्याने तरुण संघाला आधार दिला. अंतिम सामना अर्जेंटिनाने १–० असा जिंकला; रौप्यपदक हे पॅराग्वेचे पहिले ऑलिंपिक पदक ठरले.

२००६ च्या विश्वचषकात फ्रँकफुर्ट येथे इंग्लंडविरुद्ध तिसऱ्या मिनिटाला बेकहॅमची फ्री किक त्याच्या डोक्याला लागून जाळ्यात गेली. तो स्वयंगोल नोंदवला गेला, आणि सामन्यातला एकमेव गोलही तोच. कारकिर्दीच्या आढाव्यात या प्रसंगाला मिळणारी जागा मात्र अवाजवी आहे.

पॅराग्वेचा वर्षातील सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटू : १९९७, १९९८.

देशासाठी ११० सामने, १२ गोल. सामन्यांचा हा राष्ट्रीय विक्रम पुढे पाउलो दा सिल्व्हाने मोडला. तोही मध्य बचावपटूच.