लार्प : खेळातून रानात वावरण्याचे शिक्षण

लाइव्ह अ‍ॅक्शन रोल प्ले, संक्षेपाने ‘लार्प’, हा प्रत्यक्ष वावरून खेळावयाचा भूमिकाखेळ आहे. खेळाडू एखादे काल्पनिक पात्र स्वीकारतो आणि त्या पात्राच्या वेशात काही तास किंवा काही दिवस राहतो. संवाद लिहून दिलेले नसतात, प्रेक्षकही नसतात. त्यामुळे हे रूढ अर्थाने नाटक नव्हे. अमेरिकेत वॉशिंग्टन परिसरात १९७७ मध्ये ‘डॅगोरहिर’ हा लढाईचा खेळ सुरू झाला, तर ब्रिटनमध्ये १९८२ मध्ये चेशायरमधील पेकफर्टन किल्ल्यात ‘ट्रेझर ट्रॅप’चा आरंभ झाला.

खेळातून रानात वावरण्याचे कौशल्य शिकवण्याची कल्पना मात्र याहून जुनी आहे. बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर मुलांचे शिबिर भरवले. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या बालवीर चळवळीच्या पुस्तकात माग काढण्याचे व लपण्याचे खेळ होते. ‘किमचा खेळ’ त्यांनी किपलिंग यांच्या १९०१ मधील कादंबरीवरून घेतला. त्यात तबकातील वस्तू थोडा वेळ पाहून, त्या झाकल्यावर स्मरणाने सांगावयाच्या असतात.

काय शिकता येते?

दिशाज्ञान : पात्राच्या जगात मोबाइल नसला, की नकाशा आणि होकायंत्र यांवरच भिस्त राहते. ऑर्डनन्स सर्व्हेच्या १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर चार सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर. वेळेच्या अंदाजासाठी नेस्मिथ यांचा १८९२ चा नियम आजही वापरतात. त्याच्या प्रचलित रूपानुसार दर पाच किलोमीटर अंतराला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास धरावा.

लपणे आणि पाहणे : माणूस दिसतो तो आकार, चकाकी, सावली, क्षितिजावरील बाह्यरेषा आणि हालचाल यांमुळे. टेकडीच्या माथ्यावरून चालणारा टेहळ्या दुरूनही ओळखू येतो. उताराने, झाडीच्या आडोशाने जाणारा सहसा नजरेस पडत नाही.

रात्रीची नजर : डोळे अंधाराला पुरेसे सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात आणि टॉर्चच्या एका पांढऱ्या झोताने ती कमाई क्षणात जाते. म्हणून नकाशा मंद तांबड्या प्रकाशात वाचतात.

ही माहिती कोणत्याही पुस्तकात मिळेल; खेळ तिला परिणामाची जोड देतो. निरोप्या वाट चुकला, तर मदत उशिरा पोहोचते आणि त्याचा गट हरतो. चूक सर्वांना सोसावी लागते, पण कोणाच्या जिवावर बेतत नाही. असा धडा मनात पक्का बसतो.

खेळ कोठे संपतो?

या शिक्षणाला मर्यादाही आहे, आणि ती न ओळखणे धोक्याचे ठरते. लार्पमधील तलवार फोमची असते आणि जखम मंत्राने बरी होते. त्यामुळे प्रथमोपचार वेगळे शिकलेच पाहिजेत. ब्रिटनमधील अनेक खेळांत ‘मॅन डाउन’ ही हाक खरी दुखापत झाल्याची खूण असते. ती ऐकताच खेळ थांबवावयाचा असतो. थंडी वाजली म्हणून पेटती शेगडी तंबूत घेणे हा तर जिवाशी खेळ आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही.

दुसरा धोका फाजील आत्मविश्वासाचा. खेळाच्या मैदानाला हद्द असते, आयोजक हाकेच्या अंतरावर असतात. डोंगरावर यांपैकी काहीच नसते. सह्याद्रीच्या पावसात भिजत गड चढलेल्या आपल्यापैकी अनेकांना ओल्या कपड्यांचे भय वाटत नाही. ब्रिटनच्या डोंगरांत ऐन उन्हाळ्यातही ओले कपडे आणि वारा मिळून शरीराचे तापमान घातक पातळीपर्यंत उतरू शकते. अंग अनावर थरथरणे, जीभ जड होणे, साध्या कामात गोंधळणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी आडोसा गाठून ओले कपडे बदलावेत, अंग उबदार ठेवावे आणि मदत मागवावी.

नवशिक्याने एका दिवसाच्या खेळापासून आरंभ करावा. वयाचे नियम आयोजकागणिक वेगळे असतात. मुलांना नेण्यापूर्वी ते विचारून घ्यावेत. पात्राच्या झोळीत काहीही असो, स्वतःच्या पिशवीत कोरडे कपडे, शिटी, पाणी आणि बंद करून ठेवलेला, पण पूर्ण चार्ज केलेला मोबाइल असावा.