नेमपट्टी नसलेली बंदूक

१ जुलै १८५७ रोजी सआदत खान यांच्या नेतृत्वाखाली इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला व कर्नल ड्युरंड यांना तेथून माघार घ्यावी लागली. अशा उठावांची धास्ती इंग्रजांच्या शस्त्रनिर्मितीतही उतरली. १८५३ च्या एनफिल्ड रायफलीच्या ०.५७७ इंची नळीत पेचदार आटे असून, दूरच्या माऱ्यासाठी वरखाली सरकणारी नेमपट्टी होती. हिंदी शिपायांसाठीच्या १८५८ च्या नमुन्यात नळी ०.६५६ इंची व गुळगुळीत, तर मागे केवळ स्थिर खाच होती. दूरचा अचूक मारा त्यांच्या हातून काढून घेण्यात आला. म्हणून जुन्या बंदुकीवर नेमपट्टी नसल्यास ती तुटली असे मानण्यापूर्वी नळीतील आटे तपासावेत.