मुधोळचा श्वान

साष्टीचे रान तुटून उपनगरे वसण्यापूर्वी इंग्रज अंमलदार विलायतेहून बोटीने आणलेले शिकारी कुत्रे घेऊन येथील कोल्ह्यांचा पाठलाग करीत असत. आपल्या मायदेशातील खेळ त्यांना येथेही हवा होता, आणि देशी कुत्रा त्यांच्या हिशेबी नव्हता. त्याच राजवटीत घटप्रभेच्या खोऱ्यातील एका मराठी संस्थानिकाने मात्र देशी श्वानाला राजाश्रय दिला.

मुधोळ हे घोरपडे घराण्याचे संस्थान. इ. स. १६४८ मध्ये शहाजीराजांना कैद करण्यात बाजी घोरपड्यांचा हात होता, एवढीच ह्या घराण्याची ओळख आपल्या शालेय पुस्तकांनी करून दिली. त्याच घराण्यातील राजे मालोजीराव यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ह्या श्वानांची निगुतीने पैदास करविली. पंचम जॉर्ज बादशहांना त्यांनी ह्या जातीचे कुत्रे नजर केले आणि तेव्हापासून 'मुधोळ हाउंड' हे नाव रूढ झाले, असे सांगतात.

परंतु राजेसाहेबांनी ही जात निर्माण केली नव्हती. त्यांच्या मुलखातील बेरड शिकारी आणि रानोमाळ फिरणारे धनगर हे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या बाळगीत होते. निमुळते तोंड, खोल छाती, आत गेलेले पोट आणि लांब, सडपातळ पाय, असा हा प्राणी. वासापेक्षा नजरेवर त्याची भिस्त. ससा दृष्टीस पडला की तो बाणासारखा सुटतो. धन्यावाचून इतरांनी अंगाला हात लावलेला त्याला सहसा खपत नाही. काफिल्यांबरोबर मध्य आशियातून ह्याचे पूर्वज दख्खनेत आले, असा समज आहे.

येथे वेल्समधील एक प्रसंग आठवतो. बाला गावाजवळच्या रिवलास जहागिरीचे धनी रिचर्ड लॉइड प्राइस यांना शिकारी कुत्र्यांचा मोठा शोक. १८७३ साली त्यांनी मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांची ब्रिटनमधील पहिली जाहीर स्पर्धा भरविली. बक्षीस पटकावले ते वेल्समध्ये राहणाऱ्या जेम्स थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाच्या कुत्र्याने! इतिहासात आयोजक म्हणून जहागीरदाराचे नाव राहिले, पण त्या निमित्ताने मेंढपाळाच्या विद्येलाही लोकांसमोर मान मिळाला. आपल्या धनगर-बेरडांच्या वाट्याला असा दिवस आला नाही.

१९४८ साली मुधोळ मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९५६ च्या पुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेले. राजाश्रय सरला, तरी कुत्रा टिकला, कारण तो कुठल्याही एका कुत्रेखान्यावर अवलंबून नव्हता. शेतकऱ्याच्या अंगणात, भाकरीच्या तुकड्यावर तो वाढत होता. आज मुधोळ तालुक्यातील अनेक कुटुंबांचा पिल्ले विकून संसाराला हातभार लागतो.

सरकार-दरबारी मात्र त्याला फार वाट पाहावी लागली. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी स्फोटके हुडकून असंख्य मुंबईकरांचे प्राण वाचविणारा पोलिसांचा 'जंजीर' लॅब्रॅडोर जातीचा, म्हणजे विलायती वंशाचाच होता. २००० साली तो वारला, तेव्हा मुंबईकर हळहळले. मुधोळच्या श्वानाचे चित्र टपाल तिकिटावर आले २००५ मध्ये, आणि त्याची पिल्ले मेरठच्या लष्करी केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली ती २०१६ मध्ये.

नावाचा घोळ अजून मिटलेला नाही. श्वानसंघांपैकी एक त्याची नोंद 'कॅरव्हान हाउंड' म्हणून करतो, तर दुसरा 'मुधोळ हाउंड' म्हणून. खेड्यापाड्यांतले जुने लोक मात्र त्याला 'कारवानी' म्हणतात.