घुंगूरकाठी ते घंटी : पत्र आल्याची वर्दी



जुन्या काळी टपालाचा हरकारा थैली घेऊन पळत येई, तेव्हा त्याच्या काठीला घुंगरे बांधलेली असत. त्या आवाजाने जनावर बाजूला होई, आणि पुढच्या टप्प्यावरचा गडी थैली घेण्यास उठून उभा राही. थैली पोचवणे हे एक काम. ती आल्याची वर्दी देणे हे दुसरे. ही दोन कामे निराळी आहेत, हे ध्यानी ठेवले की आजचा ईमेलही उलगडतो.

1854 साली देशात सगळीकडे टपालाचा एकच दर झाला, 1879 साली पाव आण्याचे कार्ड आले, आणि 1972 साली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी योजलेला सहा आकडी पिनकोड. दर, कागद, पत्ता, सगळे सुधारत गेले. पण पत्र आल्याची वर्दी दारातून हाक मारणारा पोस्टमनच देत राहिला.

आता विजेच्या टपालाकडे वळू. 1971 साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप धाडला आणि माणसाचे नाव व संगणकाचे नाव यांमध्ये '@' हे चिन्ह घातले. नाव आणि गाव, तसेच हे. अनेक संगणक जोडले गेले, तेव्हा सर्वांना पाळता येईल असा रिवाज हवा होता. 1982 साली तो ठरला. त्याचे नाव एसएमटीपी. यात एक टपालघर दुसऱ्याला आधी रामराम करते, मग पाठवणारा कोण, घेणारा कोण हे सांगते, आणि शेवटी मजकूर हवाली करते. पण हे काम टपालघरापर्यंतच, बरं का! घरी नेण्याचे काम वेगळे.

त्यासाठी 1984 साली पीओपी आला. तो पेटीतले पत्र आपल्या यंत्रात उतरवून घेई, आणि बहुधा मागे काही ठेवत नसे. 1986 साली मार्क क्रिस्पिन यांनी आयमॅप काढला. यात पत्रे टपालघरातच राहतात. शाळेतल्या संगणकावर वाचले तर घरच्या फोनवरही ते वाचलेलेच दिसते.

आणि वर्दी? 1980 साली बर्कली विद्यापीठातल्या संगणकांवर 'बिफ' नावाची सोय होती; पत्र येताच ती पडद्यावर सांगे. नाव ठेवले होते एका कुत्र्याचे! बाकीच्यांना दर काही मिनिटांनी टपालघरात जाऊन "काही आलंय का?" असे विचारावे लागे. 1997 साली आयमॅपला 'आयडल' नावाची जोड मिळाली. दार उघडे ठेवून स्वस्थ बसावे. पत्र आले की टपालघरच हाक मारते.

आपल्या देशात 1986 साली अर्नेट हे विद्यासंस्थांचे जाळे सुरू झाले, आणि 15 ऑगस्ट 1995 पासून इंटरनेट सर्वसामान्यांना मिळू लागले. आज संत कान्हूराज पाठकांच्या केंदुरातही फोन हातोहाती आहे. पण मुलाखतीचे बोलावणे पेटीत येऊन पडले आणि तारीख टळल्यावर पोराने पाहिले, असे कोणाच्याही घरी घडू शकते. पत्र पोचले होते. वर्दी पोचली नव्हती.

म्हणून शिक्षकांनी वर्गात एवढे करून घ्यावे. फोनच्या सेटिंगमध्ये मेलचे 'नोटिफिकेशन' आणि 'सिंक' चालू आहेत ना, हे पाहावे. बॅटरी वाचवण्याची सोय मेलला झोपवत असेल तर तिला त्यातून वगळावे. 'स्पॅम' ही पेटीही आठवड्यातून उघडावी. संगणकात खाते जोडताना येणाऱ्या टपालासाठी आयमॅप, दार क्रमांक 993, आणि जाणाऱ्यासाठी एसएमटीपी, 587, हे बहुतेक ठिकाणी चालते. शेवटी स्वतःलाच एक पत्र धाडून घंटी वाजते का ते पाहावे.

पोस्टमनची हाक दारात येई, तेव्हा सारे घर जागे होई. या नव्या टपालात ती हाक आपणच चालू करून घ्यायची असते, एवढाच फरक.