फौजेतील कामाची निवड : बारगिरापासून सफरमैनेपर्यंत

उन्हाळ्याच्या पहाटे सातारा, सांगली, कोल्हापूर ह्या जिल्ह्यांतील कोणत्याही रस्त्याने गेले तर डांबरी सडकेच्या कडेने धावणारी तरुण मुले हटकून दिसतात. भरतीची तयारी चाललेली असते. त्यांच्यापैकी एखाद्यास थांबवून विचारावे, "बाबा, फौजेत जाऊन तू काय होणार?" तो उत्तर देतो, "शिपाई." शिपाई म्हणजे कोणता? बंदूकधारी, तोफेवरचा, पूल बांधणारा, बिनतारी यंत्रावर बसणारा, की कोठारातला? ह्या दुसऱ्या प्रश्नाला पुष्कळदा उत्तर मिळत नाही. ह्यात मुलाचा दोष नाही. आमच्या समाजाने फौजेकडे नेहमी लढाईच्या बाजूने पाहिले, कामाच्या बाजूने फारसे पाहिले नाही. म्हणून आज आम्ही लढायांची कथा बाजूला ठेवून एक साधा प्रश्न घेतो : फौजेत कोणी कोणते काम करावे, हे आजवर कोण ठरवीत आले?

आरंभ शिवकालापासून करू. सतराव्या शतकाच्या अखेरीस कृष्णाजी अनंत सभासदाने जी बखर लिहिली, तीत महाराजांच्या फौजेची मांडणी दिलेली आहे. घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे तो बारगीर, आणि जो स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा मिळून एक जुमला, अशी चढती रचना होती. पण आम्हांस त्याहून मोलाची वाटते ती एक बारीकशी तरतूद. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. पाणी आणणारा आणि नाल ठोकणारा हे लवाजम्याचे शेपूट नव्हते, ते हिशेबातच धरलेले होते. घोड्याचा नाल निघाला तर स्वार पायउतार होतो, हे ज्याने ओळखले त्याने ही फौज उभी केली.

आता निवडीचा प्रश्न घ्या. बारगीर व्हावे की शिलेदार, हे माणसाच्या हौसेवर नव्हते, ते त्याच्या दावणीवर होते. घरी घोडा बांधलेला असेल तो शिलेदार, नसेल तो बारगीर. शिलेदाराचा मान मोठा, पण जोखीमही त्याचीच. घोडा पडला की त्याचे भांडवल बुडाले, आणि भांडवल बुडण्याचे भय असणारा माणूस रणात हात राखून वागला तर नवल नाही. महाराजांचा भर पागेवर होता, आणि शिलेदारांनाही पागेच्या दिमतीत ठेवलेले होते, ह्याचा अर्थ ह्यावरून उमगतो. पागेची पद्धत म्हणजे, आजच्या भाषेत सांगायचे तर, गरिबाच्या मुलाला सरकारी खर्चाने मिळालेले हत्यार. ज्याच्या घरी घोडा नाही पण मांडीत जोर आहे, त्याला स्वार होण्याची वाट तिने मोकळी केली. पुढे सरंजामी पद्धत बळावली आणि ही वाट पुन्हा अरुंद झाली.

अठराव्या शतकात प्रश्न आणखी कठीण झाला. आता बंदुकीचे कवायती पायदळ आणि वेगवान तोफखाना ह्यांचे दिवस आले होते. ही नवी कामे शिकून करण्याची होती, ती केवळ शौर्याने साधणारी नव्हती. मराठ्यांना ती गरज कळली नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. इब्राहिमखान गारदी आणि त्याचे कवायती पायदळ 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर आमच्या बाजूने उभे होते आणि त्या दिवशी त्यांनी शर्थ केली. पण घोडदळाची लढण्याची रीत वेगळी, गारद्यांची वेगळी, आणि दोघांचा एकत्र सराव नाही. एकाच शरीराचे दोन हात एकमेकांस ओळखत नव्हते.

पुढे महादजी शिंद्यांनी 1784 पासून द बॉयन ह्या परदेशी सेनानीकडून पलटणी उभ्या करविल्या. त्या पलटणी उत्तम होत्या, त्यांच्या तोफा उत्तम होत्या. परंतु पलटण चालविण्याची विद्या, म्हणजे अधिकाऱ्याचे काम, मुख्यतः युरोपीयांच्या हाती राहिले. 1803 साली इंग्रजांशी युद्ध जुंपले तेव्हा त्यांतले पुष्कळ अधिकारी शिंद्यांची चाकरी सोडून गेले. त्यांच्या मागे राहिलेले गोलंदाज मात्र असई आणि लासवारी येथे तोफा न सोडता तोफांपाशीच पडले, असे शत्रूनेच लिहून ठेवले आहे. शौर्यात उणे काही नव्हते. उणे होते ते इतकेच, की सर्वांत अवघड काम आपण भाड्याने घेतले आणि आपल्या मुलांना शिकविले नाही.

इंग्रजी अमलात ह्या कहाणीला वेगळे वळण लागले. कंपनीच्या मुंबई फौजेत प्रारंभी भरतीचा हात बराच सैल होता. निरनिराळ्या जातींचे शिपाई एकाच कंपनीत, एकाच रांगेत उभे राहत. 1 जानेवारी 1818 च्या कोरेगावच्या लढाईचा जो स्तंभ भीमेच्या काठी उभा आहे, त्यावरील नावांत शेवटी 'नाक' असणारी महार शिपायांची नावे आजही वाचता येतात. गावात ज्याला वेशीबाहेर राहावे लागे, त्याला पलटणीत बंदूक मिळे, हुद्दा मिळे, निवृत्तिवेतन मिळे. आणि आणखी एक गोष्ट मिळे, जिच्याकडे इतिहासकारांचे लक्ष उशिरा गेले. ती म्हणजे शाळा.

पलटणीच्या शाळांतून शिपायांना आणि त्यांच्या मुलांना लिहावाचायला शिकवीत. तेथे शिक्षकाची गरज असे, आणि शिक्षक हेही फौजेतलेच एक काम होते. रामजी मालोजी सकपाळ ह्यांनी पुण्यास शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले, सैनिकी शाळेत ते अनेक वर्षे मुख्याध्यापक होते आणि सुभेदार म्हणून निवृत्त झाले. महूच्या छावणीत 14 एप्रिल 1891 रोजी त्यांच्या घरी जन्मलेला मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पलटणीत बंदुकीखेरीज दुसरे काम उपलब्ध होते, ते एका माणसाने मन लावून केले, आणि त्या घरात पुस्तके आली. फौजेतील कामाच्या निवडीचा परिणाम केवढा दूरवर जातो, ह्याचे ह्याहून मोठे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

पण त्याच सुमारास दार बंद होत होते. 1857 च्या उठावानंतर राज्यकर्त्यांच्या मनात संशय शिरला होता. त्याचा पहिला तडाखा तोफखान्यास बसला. थोड्या पहाडी तोफखान्यांचा अपवाद सोडला तर तोफांचे काम हिंदी माणसाच्या हातून काढून घेण्यात आले. वाचलेल्यांपैकी एक पहाडी तोफखाना मुंबई फौजेचा होता. त्याची स्थापना 28 सप्टेंबर 1827 ची, आणि तोच दिवस आजही भारतीय तोफखाना आपला दिन म्हणून पाळतो. मैदानी तोफांचे काम हिंदी सैनिकांना पुन्हा मिळायला 1935 साल उजाडावे लागले. म्हणजे पाऊणशे वर्षे एक संपूर्ण विद्या ह्या देशातील तरुणांना, अंगी पात्रता असूनही, जवळजवळ वर्ज्य होती.

दुसरा तडाखा अधिक खोल होता. 1885 ते 1893 ह्या काळात सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्सच्या प्रभावाखाली 'लढवय्या जाती' ही कल्पना भरतीचा कायदाच होऊन बसली. काही जाती जन्मतः शूर, बाकीच्या जन्मतः निरुपयोगी, असा हा सिद्धांत. दक्षिणेतील आणि पश्चिमेतील शिपाई त्यात खालच्या पायरीवर गेला. 1892 च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. ज्यांचे बापआजे सुभेदार होते, त्यांच्या मुलांना कचेरीच्या दारातून परत फिरावे लागले.

ह्याविरुद्ध जे अर्ज गेले ते आमच्या सामाजिक इतिहासातील मोठे दस्तऐवज आहेत. कोकणातील निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर ह्यांनी 1894 साली विनंतिपत्र तयार केले. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे ह्यांनी 1910 साली थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. अर्जांचा आशय एकच होता : आमची परीक्षा घ्या, जन्म विचारू नका. मागणी उपकाराची नव्हती. पूर्वी केलेले काम पुन्हा करू द्या, एवढीच होती.

उत्तर अर्जाने मिळाले नाही, युद्धाने मिळाले. पहिल्या महायुद्धात माणसे अपुरी पडू लागली तेव्हा 1917 साली 111 वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज संपताच 1921 मध्ये मोडली. मराठा पलटणींनी त्याच युद्धात मेसोपोटेमियात जी झुंज दिली, तिने त्यांच्याविषयीचा सिद्धांतही पार लटका पाडला. दुसऱ्या महायुद्धात 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावात महार रेजिमेंटचा पुन्हा जन्म झाला. पुढे 1946 साली तिला मशीनगन रेजिमेंट करण्यात आले. मशीनगन हे पायदळातले खास शिक्षणाचे काम. ज्यांना साधी बंदूक धरण्यास नालायक ठरविले होते, त्यांच्याच हाती पन्नास-पंचावन्न वर्षांनी अधिक अवघड हत्यार सोपविले गेले. सिद्धांत खोटा होता हे सिद्ध करण्यास ह्याहून निराळा पुरावा नको.

आता सफरमैनेकडे वळू. सुरुंग आणि खंदक ह्यांचे काम करणाऱ्या पलटणीला आमच्याकडे हे नाव पडले, आणि मुंबईच्या सफरमैनेचे ठाणे पुण्याजवळ खडकीस आहे. कुदळ, फावडे, दोर, सुरुंग ही ह्यांची हत्यारे. कुदळीच्या कामाला तलवारीचा मान नाही, अशी समजूत आमच्यात खोल रुजलेली आहे. तिला एका माणसाने उत्तर दिले. कारवारजवळच्या चेंडिया गावचे राम राघोबा राणे 1940 साली ह्याच पलटणीत साधे शिपाई म्हणून भरती झाले आणि पुढे अधिकारी झाले. एप्रिल 1948 मध्ये नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या आपल्या रणगाड्यांची वाट शत्रूने सुरुंग पेरून आणि झाडे आडवी पाडून रोखली होती. 8 एप्रिलला राणे ह्यांना तोफगोळ्याने जखम झाली. तरी मागे न जाता त्यांनी गोळीबारात सुरुंग काढले, अडथळे उडविले, बाजूने नवी वाट काढून दिली. 12 एप्रिलला राजौरी हाती आली. राणे ह्यांना परमवीर चक्र मिळाले, आणि ते स्वीकारण्यास जिवंत असलेले ते पहिले वीर होत. त्या चार दिवसांत त्यांनी केलेले काम म्हणजे रस्ता साफ करणे. फौज त्या रस्त्याने पुढे गेली.

स्वातंत्र्यानंतर निवडीचे चित्र पालटले, पण पुरते नव्हे. पायदळाच्या काही रेजिमेंटांत जुनी जातवार वा प्रांतवार रचना अजून टिकून आहे. तांत्रिक दलांत मात्र सर्व देशातून भरती होते. 2022 साली आलेल्या अग्निपथ योजनेत भरती चार वर्षांसाठी होते आणि त्यांतील पाव हिस्सा पुढे कायम होऊ शकतो. उमेदवाराने आपला वर्ग अर्जातच लिहावयाचा असतो : सामान्य कर्तव्य, तांत्रिक, कारकून व भांडारपाल, किंवा कारागीर. प्रत्येकास शिक्षणाची अट वेगळी आहे. अधिकारी होणारा छात्रही दलांची पसंती क्रमाने लिहून देतो, आणि गुणक्रम व रिकाम्या जागा पाहून त्याला दल मिळते. स्त्रियांसाठीही एकेक दार उघडत आहे. 2019 पासून सैनिकी पोलिसांत, 2023 मध्ये तोफखान्याच्या अधिकारीपदावर त्या पोहोचल्या, आणि खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी 2025 मध्ये बाहेर पडली.

म्हणजे जी गोष्ट आधी दावणीच्या घोड्याने ठरे, नंतर राज्यकर्त्यांच्या संशयाने ठरे, त्यानंतर जातीच्या वहीने ठरे, ती आज निदान काही अंशी तरुणाच्या लेखणीने ठरते. हे थोडे मिळालेले नाही. त्यासाठी वलंगकरांनी आणि कांबळ्यांनी अर्ज लिहिले आहेत.

पण लेखणी हाती आली तरी काय लिहावे हे ठाऊक नसेल, तर निवड कागदावरच राहते. गणित कच्चे राहिले म्हणून तांत्रिक वर्ग सुटतो. घरात कोणी सांगणारे नाही म्हणून मुलगा शेजारच्याने लिहिले तेच लिहितो. नुसत्या धावण्यावर भिस्त ठेवून तो एकाच दारापाशी गर्दी करतो आणि शेजारचे दार उघडे आहे हे त्यास कळतच नाही. कारागिराचा वर्ग लिहिणे त्याला कमीपणाचे वाटते, कारण पखालजी आणि नालबंद ह्यांना हिशेबात धरणारी ती जुनी दृष्टी आपण हरवून बसलो आहोत. येथे काम सरकारचे नाही, आपल्यासारख्या गावकऱ्यांचे आणि शहरवासीयांचे आहे. गावातील निवृत्त हवालदाराने संध्याकाळी चार मुलांस जवळ बसवून आपल्या दलात दिवसभर काय काम चाले हे सांगितले, शाळेच्या गुरुजींनी दहावीच्या मुलास त्याच वेळी गणिताचे महत्त्व पटवून दिले, तरी पुष्कळ साधेल.

पहाटे रस्त्याने धावणारा तो मुलगा उद्या आमच्यापैकी कोणाच्या तरी ओसरीवर पाणी प्यायला थांबेल. त्याला शाबासकी द्यावीच. पण त्याबरोबर विचारावेही, "कोणत्या कामासाठी धावतोस, बाळ?" आणि त्याला उत्तर सुचले नाही, तर त्याच्याजवळ घटकाभर बसावे.