पाच पूर्णांक एक दशांश

नळदुर्गच्या किल्ल्यात जो भर पावसाळ्यात गेला असेल, त्याला पाणीमहालाची ओळख करून द्यावी लागत नाही. बोरी नदीला बांध घालून, त्या बांधाच्याच पोटात हा महाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दीत, इ. स. १६१३ साली बांधला गेला. नदी भरली की नर आणि मादी असे दोन धबधबे बांधाच्या माथ्यावरून कोसळतात आणि आतला माणूस कोरडा उभा राहून पाण्याच्या पडद्यातून बाहेर पाहतो. पाणी पडते समोर. पण आवाज पाठीमागून, डोक्यावरून, पायाखालच्या दगडातूनही येतो. हा बादशहा गाण्याचा मोठा षोकी, ‘किताब-ए-नवरस’चा कर्ता. त्याच्या काळातली ही खोली पाहण्यासाठी बांधली की ऐकण्यासाठी, असा प्रश्न मला तेथे दर वेळी पडतो.

चहूबाजूंनी आवाजाने वेढून घेण्याची हौस ही अशी जुनी आहे. हल्ली मात्र ती डबे मोजून विकत घ्यावी लागते, आणि यंदा ती मोजदाद माझ्या गळ्यात पडली. माझी बहीण लोहारा तालुक्यात दिली आहे. दाजींनी दिवाळीला घरात होम थिएटर बसवायचे काढले. दुकानदार म्हणाला, सात स्पीकर घ्या. पुण्यात असलेला पुतण्या फोनवर म्हणाला, आता छतालाही लावतात, नऊ तरी हवेत. तेव्हा दाजी मला म्हणाले, “गुरुजी, तुम्ही गणित शिकवता. माणसाला कान दोन. मग डबे किती?”

सोयाबीनच्या पैशातून हा खर्च व्हायचा होता, म्हणून मी प्रश्न थट्टेवारी नेला नाही. शिवाय या प्रश्नावर फार मोठ्या माणसांनी डोके झिजवलेले आहे.

आपल्याकडे १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला आणि पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला. तेव्हा हिशेब सोपा होता. पडद्यामागून एकच आवाज यायचा. लहानपणी जत्रेच्या तंबूत आम्ही पोरे सिनेमा पाहायचो, तिथेही नायिका डावीकडे रडो की उजवीकडे, हुंदका त्या एकाच कर्ण्यातून यायचा, आणि आमचे काही अडत नव्हते. पण १९३१ सालीच विलायतेत ॲलन ब्लुमलाइन नावाच्या एका तरुण इंजिनिअरचे अडले. पडद्यावरचा माणूस एका बाजूला आणि त्याचा आवाज दुसरीकडून, हे आंधळ्याला कसे कळावे, असे तो आपल्या भावी बायकोला म्हणाला, अशी कथा सांगतात. त्या डिसेंबरात त्याने दोन वाहिन्यांच्या ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला. रेकॉर्डच्या खाचेला दोन भिंती असतात; एका भिंतीवर डावा आवाज कोरावा आणि दुसरीवर उजवा, ही युक्ती त्यातच होती. हा गृहस्थ १९४२ साली रडारची चाचणी करताना विमान कोसळून वारला. त्याची रेकॉर्ड बाजारात यायला १९५७-५८ साल उजाडले.

अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर आणि त्याचे सहकारी निराळ्या वाटेने गेले. वाद्यवृंदापुढे मायक्रोफोनांचा अखंड पडदा लावायचा आणि दुसऱ्या गावी तेवढ्याच कर्ण्यांचा पडदा. म्हणजे मूळ नाद जसाच्या तसा उभा राहील, ही त्यांची आदर्श कल्पना. त्या हिशेबाने कर्णे अनंत लागतात! व्यवहारात मात्र त्यांना तीन पुरेसे वाटले. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियात वाद्ये वाजली आणि टेलिफोनच्या तारांवरून तीन वाहिन्यांनी ती वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकू आली. डावा, उजवा आणि मधला. थोरामोठ्यांनी तीन सांगितले असताना घरोघर दोनच का आले, याचे कारण आपल्या कानांत नाही. रेकॉर्डच्या खाचेला भिंती दोनच होत्या.

ही गोष्ट ध्यानात धरली म्हणजे पुढचा इतिहास झटपट उलगडतो. १९४० साली डिस्नेने ‘फँटेशिया’साठी आवाज प्रेक्षकांभोवती फिरवला, पण त्या यंत्रसामग्रीचा खर्च मोजक्याच थिएटरांना झेपला. १९५२ साली सिनेरामाने ध्वनीचे सात पट्टे आणले. पुढच्या साली सिनेमास्कोपने चार आणले. त्यातला चौथा प्रेक्षागृहासाठी. आपल्याकडे १९७५ साली ‘शोले’ सत्तर मिलिमीटरमध्ये, सहा पट्ट्यांच्या आवाजासह मिनर्व्हात लागला, तेव्हा उडवलेले नाणे पडल्याचा आवाज ऐकून लोक खुर्चीखाली पाहत, असे सांगतात. मराठवाड्यातल्या आमच्या वडीलमाणसांनी तोच सिनेमा एका कर्ण्यावर पाहिला आणि गब्बर त्यांना काही कमी भ्याडवू शकला नाही, हेही नमूद केले पाहिजे. त्याच दशकात घरात चार स्पीकर लावण्याची एक टूम निघाली. कंपन्यांच्या तऱ्हा एकमेकींशी जुळेनात, आणि दशक संपायच्या आत ती टूम बसली.

मग पाच कोठून आले? १९७९ च्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’मध्ये मागचा आवाज डावा आणि उजवा असा वेगळा केला गेला, हेलिकॉप्टर प्रेक्षकांभोवती फिरले. १९८७ साली सिनेमाच्या डिजिटल ध्वनीसाठी किती वाहिन्या असाव्यात, याचा खल अमेरिकेतील एका तांत्रिक समितीत चालला होता. तेथे टॉमलिन्सन होलमन म्हणाला, पाच पूर्णांक एक दशांश. पुढे तीन, मागे दोन, आणि खालच्या घुमाऱ्यासाठी एक अपुरी वाहिनी. तिच्यात अगदी खर्जातलाच आवाज जातो, म्हणून ती पूर्ण एक नव्हे. १९९२ च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’पासून तो आकडा रुळला आणि डीव्हीडीबरोबर घरांत शिरला. त्यापुढची वाढ, २०१० च्या ‘टॉय स्टोरी ३’चे सात किंवा २०१२ पासूनचे ॲटमॉस, ज्यात थिएटरात चौसष्टपर्यंत स्पीकर स्वतंत्र चालतात, ही मोठ्या प्रेक्षागृहाची गरज आहे. तेथे कडेच्या खुर्चीलाही न्याय द्यावा लागतो.

दाजींची बैठकीची खोली साडेदहा फूट बाय चौदा. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. सातातले दोन डबे पाठीमागे लावायचे असतात. आता भिंत फोडून शेजाऱ्याच्या गोठ्यात लावायचे की काय? पाचांतले मागचे दोनही खरे पाहता कानशिलांच्या किंचित मागे असावे लागतात, आणि तेवढी जागा निघत होती. समोरून येणाऱ्या आवाजाची दिशा कान फार बारकाईने ओळखतो. कडेचे आणि पाठीमागचे तो ढोबळ मानाने घेतो. म्हणून पैसा पुढच्या तिघांवर घालावा, आणि खाली शहाबादी फरशी असल्यामुळे प्रथम एक जाड वाकळ अंथरावी, असे मी सांगितले. वाकळीला खर्च नाही, म्हणून दुकानदार ती सुचवत नाही.

राहिला तो दशांश. १९७४ साली ‘अर्थक्वेक’ नावाच्या चित्रपटासाठी अमेरिकेत थिएटरांत प्रचंड कर्णे बसवून खुर्च्या हादरवल्या होत्या. लॉस एंजेलिसच्या एका थिएटरात छताचा गिलावा प्रेक्षकांवर पडू नये म्हणून जाळी टांगावी लागली. लोक तिकीट काढून भूकंप अनुभवायला गेले. दाजींचे गाव सास्तूरच्या बाजूचे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट तेथे कुणाला तारीख म्हणून सांगावी लागत नाही. त्यांच्या आई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, ढिगाऱ्यातून निघालेल्या. आजही वेशीवरून भरलेला ट्रक गेला आणि खिडकीची तावदाने थरथरली की त्या बोलत नाहीत. उठून अंगणात जाऊन उभ्या राहतात. दुकानात वूफर वाजवून दाखवला तेव्हा दाजींची छाती फुगली होती. मी एवढेच विचारले, “हा घरात लागला तर आत्या कुठे बसायच्या?” दाजी बराच वेळ तंबाखू मळत राहिले.

वूफर आला नाही. यंत्राला तसे सांगण्याची सोय असते. मग तो खर्ज पुढच्या मोठ्या डब्यांकडे वळतो, पुष्कळसा सौम्य होऊन. वसुबारसेला पाच डबे लागले. सगळ्यांनी मागच्या दोहोंकडे माना वळवून वळवून पाहिले. आत्या वाकळीवर बसल्या होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “बाकीचे राहू द्या रे. तो मधला बोलतोय, तेवढा जरा मोठा करा.”